न पाहिलेल्या घराचा अहवाल

झुलाल अभिमन पाटील हा शिरपूरकडच्या एका खेड्यातला शाळामास्तर. त्याचं अक्षर सुरेख आणि भाषा त्याहून सुरेख. तालुक्याच्या साहेबांना द्यायची मानपत्रं लोक त्याच्याकडूनच लिहून घ्यायचे. १९४० साली कैद्यांना मदत करणाऱ्या बंदी साहाय्य मंडळाच्या धनसिंगरावांनी त्याला हेरलं आणि प्रोबेशन अधिकाऱ्याचं शिक्षण घ्यायला चार महिने मुंबईला पाठवलं.

कायदा तेव्हा नवा होता. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्या माणसाला तुरुंगात घालायचं की हमीवर घरी ठेवून त्याच्यावर देखरेख करायची, हे कोर्टाने ठरवायचं. पण त्याआधी प्रोबेशन अधिकाऱ्याने त्या माणसाच्या घरी जायचं, घरात कोण आहे, कसं आहे ते पाहायचं आणि अहवाल द्यायचा. मुंबईचे शिक्षक एकच गोष्ट घोकून घेत, "पोलीस गुन्हा बघतो. तुम्ही घर बघायचं. उंबरा ओलांडल्याशिवाय लेखणी उचलायची नाही." झुलालने ते वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि परीक्षेत पहिला आला.

जळगावच्या कोर्टात नेमणूक झाली. पुढच्या वैशाखात हारुन पिंजाऱ्याचं प्रकरण त्याच्याकडे आलं. हारुन पिंप्राळ्याचा, बावीस-तेवीस वर्षांचा. घरोघरी जाऊन गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचा. एका व्यापाऱ्याची जुनी गादी उसवताना आत चांदीची साखळी सापडली आणि ती त्याने कंबरेला खोचली. दुसऱ्याच दिवशी सराफाकडे पकडला गेला. गुन्हा त्याने तिथल्या तिथे कबूल केला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी झुलालकडे अहवाल मागितला.

पिंप्राळा काही लांब नाही. झुलाल सायकलवर निघाला तो भर दुपारी. रस्ता तापलेला, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. गावाच्या तोंडाशी रतिलालचं किराणा दुकान होतं, तिथे तो सावलीला टेकला. रतिलालने गूळपाणी दिलं आणि विचारल्यावर हारुनच्या घराची माहितीही दिली. दार कायम बंद असतं, वडीलधारं कोणी दिसत नाही, भलतेसलते लोक येतात. झुलालने ऐकलं. घर पुढच्या गल्लीत होतं, शंभर पावलांवर. तो उठला, उन्हाकडे पाहिलं आणि सायकल जळगावकडे वळवली.

अहवाल मात्र त्याने मन लावून लिहिला. 'मी समक्ष घरी जाऊन पाहिले,' अशी सुरुवात होती. पुढे 'निराधार गृहजीवन', 'वडीलधाऱ्या नियंत्रणाचा अभाव' असे शब्द एकापुढे एक लावले होते. साहेबांनी कोर्टात तो मोठ्याने वाचला, झुलालकडे पाहून मान डोलावली आणि हारुनला सहा महिने सक्तमजुरी दिली. ती मान डोलावलेली पाहून झुलालला गुदगुल्या झाल्या होत्या. हे त्याला पुढे जन्मभर आठवलं, आणि जेव्हा आठवलं तेव्हा कानशिलं तापली.

आठवड्याने कचेरीच्या पायरीवर एक म्हातारी येऊन बसली. हारुनची आई, अकबरी. झुलाल बाहेर येताच ती हात जोडून उठली. ही आता शिव्याशाप देणार, असं समजून तो मागे सरला. पण ती फार हळू बोलली.

"भाऊसाहेब, तुम्ही उनात तव्हय मी घर नव्हतू का? कोर्टना मानूस येनार शे, असं हारुननी सांगेल व्हतं. मी घर सारवं, आंगनमा बाज टाकीसन तीन दिन बसनू. एकच घडी पानीले हिरवर गयथू. तेवढामाच तुम्ही ईसन गयात व्हई. तुमले कोनी पानीबी दिधं नही."

तो येऊन गेला आणि नेमकी आपणच विहिरीवर होतो, असं ती धरून चालली होती.

"मी घर ऱ्हातू तं पोऱ्या सुटता ना?" तिने विचारलं.

"कायद्याचं असतं ते, आजी," एवढंच तो म्हणाला आणि आत जाऊन उगाच कागद चाळत बसला. म्हातारी बराच वेळ तिथेच होती. ती गेली की नाही, हे बघायचीही त्याची हिंमत झाली नाही.

साहेबांना जाऊन खरं सांगावं, असं त्याला रोज वाटे आणि रोज तो काहीतरी निमित्त काढी. आज साहेबांना काम आहे, उद्या साहेब दौऱ्यावर आहेत. पुढे साहेबांची बदली झाली आणि झुलालला सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटलं, याचीही मग लाज वाटली. हारुन शिक्षा भोगून आला, पण तुरुंगात गेलेल्या पिंजाऱ्याला आपली गादी कोण उसवू देणार? तो रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करू लागला. झुलाल त्या रस्त्याने जाईनासा झाला.

इतर कामं मात्र तो आता चोख करी. प्रत्येक घरी जाई, दोन-दोनदा जाई. लोक म्हणत, असा अधिकारी पाहिला नाही. ते ऐकलं की जेवण गोड लागत नसे.

१९४४ साली मंडळाने नव्या उमेदवारांसाठी धुळ्याला शिक्षणवर्ग उघडला आणि धनसिंगरावांनी झुलालला शिकवायला बोलावलं. बारा उमेदवार होते. पहिल्याच दिवशी धनसिंगरावांनी एक कागद काढला. "हा नमुना अहवाल, आपल्या झुलालने लिहिलेला. असा लिहायचा," म्हणाले आणि वाचू लागले, 'मी समक्ष घरी जाऊन पाहिले...'

तो हारुनवरचाच अहवाल होता. जुन्या साहेबांनीच तो नमुना म्हणून पाठवला होता. वाचून झाल्यावर उमेदवारांत एकुलती एक बाई होती, ती उठली. सुगंधाबाई नाव, आधी शाळेत शिक्षिका होती.

"झुलालभाऊ, एक विचारू? भाषा छान आहे. पण या घराला खोल्या किती, चूल पेटली होती का, काहीच कळत नाही. याला आई आहे की नाही तेसुद्धा नाही."

"आई... घरी नव्हती," झुलाल म्हणाला.

बारा जणांनी ते वहीत उतरवून घेतलं. म्हातारीने भाबडेपणाने स्वतःवर घेतलेला दोष त्याने आता भर वर्गात तिच्या गळ्यात बांधला होता. दुपारी त्याने पोट दुखतं म्हणून सांगितलं आणि चाळीसगावची गाडी धरली. तिथून जळगाव, जळगावहून पायी पिंप्राळा. रतिलालच्या दुकानापुढून तो मान खाली घालून गेला आणि शंभर पावलं चालला.

घर एका खोलीचं होतं, सारवलेलं. अकबरी दारातच शेंगा फोडत होती. ऊठबस करू लागली, तेव्हा त्याने तिला थांबवलं. इतक्या वर्षांची कचेरीतली भाषा जिभेवर येईना, घरचीच आली.

"माय, मी त्या दिन उनूच नव्हतू. दुकानवरथीनच परत गयथू. तू घरच व्हतीस."

म्हातारीचे हात थांबले. ती म्हणाली, "तीन वरीस मी पोऱ्यापुढे मान वर करी नही. मन्हामुळे जेलमा गया, असं समजत व्हतू." मग तिने तोंड फिरवलं. "माले काय सांगस? त्याले सांग."

पाणी तिने दिलं नाही. ते बरंच झालं, असं झुलालला वाटलं.

मालधक्क्यावर हारुन सरकीची पोती उतरवत होता. झुलालचं सगळं ऐकून घेईपर्यंत त्याने पाठीवरचं पोतं खाली ठेवलं नाही.

"चोरी मी केली होती," तो म्हणाला. "ती मी कबूलही केली. तुम्ही ज्यांना लिहून दिलंत, त्यांना सांगा. मला सांगून काय?"

झुलालने त्याच रात्री कोर्टाला आणि मंडळाला पत्र लिहिलं. चार ओळींचं, साधं. तिसऱ्या दिवशी धुळ्याला वर्गात उभं राहून त्याने तेच सांगितलं. सांगताना दोनदा थांबावं लागलं. सुगंधाबाईने वहीतली 'आई घरी नव्हती' ही ओळ खोडली, तो आवाज तेवढा सगळ्यांना ऐकू आला.

धनसिंगराव नंतर चिडले. "मंडळाची अब्रू घालवलीस. मला एकट्याला सांगता आलं नसतं?" झुलालचं अधिकारीपण गेलं. मंडळाने त्याला पत्रं नोंदवणारा कारकून म्हणून ठेवून घेतलं. हारुनची शिक्षा भोगून झाली होती, ती कोणाला परत घेता येणार नव्हती. कोर्टाने पत्र फायलीला लावलं, एवढंच.

सुगंधाबाई पुढे जळगावला नेमली गेली. पिंप्राळ्याच्या दोन-तीन घरांना तिने स्वतः जाऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी हारुनला गाद्या पिंजायला बोलावलं. बाकीच्यांनी बोलावलं नाही.

देश स्वतंत्र झाला त्या सालापासून धुळ्याच्या वर्गात दरवर्षी नवे उमेदवार येत. अहवाल कसा लिहायचा नाही हे कळावं म्हणून त्यांच्यापुढे तोच अहवाल वाचून दाखवायला कारकून झुलालला बोलावत. लिहिताना ज्या शब्दांचा त्याला अभिमान वाटला होता, तेच शब्द तो एकेक करून मोठ्याने वाची, आणि वाचून झाल्यावर कोणाच्याही डोळ्यांत न बघता आपल्या टेबलाकडे परत जाई.