बुवांचा चेंडू पोस्टाने येतो

निर्माल्याची एक गंमत आहे. रोजचे काढावे तर मूठही भरत नाही. परंतु टाकायला योग्य जागा सापडेपर्यंत परडी काठोकाठ भरून गेलेली असते. सिंगापूरला लेकीकडे राहायला आल्यापासून माझ्याजवळ किस्सेही असेच साठत गेले. निर्माल्यासाठी बुकित तिमाह भागातल्या आमच्या कॉन्डोतील, म्हणजे सोसायटीतील, माळ्याने बागेचा एक कोपरा दाखवून दिला. किश्शांसाठी असा कोपरा कोणी दाखवला नाही, म्हणून ती परडी आज तुमच्यापुढे रिती करते.

माझे वडील कीर्तनकार होते. टाळ-मृदंगावर वाढलेल्या माझ्या कानांवर सत्तरीनंतर बेसबॉल पडेल, असे भाकीत कोणी केले असते तर मी हसले असते. पण जावई अनिरुद्ध तरुणपणी अमेरिकेत शिकला आणि येताना पदवीबरोबर हे वेडही घेऊन आला. दर शनिवारी सकाळी त्याचे दोन जुने सोबती घरी येत. टॅम्पिनीसहून नीलिमा, ती अकाउंटंट, जिभेने तिखट. हौगांगहून प्रसाद; तो आयटीत, मृदू स्वभावाचा, घरी बायको गौरी आणि लेक रेवा. तिघेही अमेरिकेत एकाच गावी शिकलेले आणि एकाच संघाचे भक्त. तिकडचा शुक्रवार संध्याकाळचा सामना आपल्याकडे शनिवारी सकाळी दिसतो, म्हणजे नेमका माझ्या पूजेच्या वेळी. एका भिंतीला देव्हारा, समोरच्या भिंतीला टीव्ही. मधे सोफा. सोफ्यावर बसणाऱ्याची पाठ कोणाकडे असायची, हे सांगायला नको.

* * *

पहिल्याच वर्षी फेब्रुवारीत मी विचारले, "तुमचं हे स्प्रिंग ट्रेनिंग म्हणजे काय? इथे तर वसंतही नाही नि शिशिरही नाही."

अनिरुद्धने समजावले, "आई, तिकडे अजून थंडी असते. मग सगळे संघ उबेच्या प्रांतात जाऊन सराव करतात, आपापसात सामने खेळतात. त्यांचा निकाल कुठेच धरत नाहीत. फक्त कोणाला संघात ठेवायचं नि कोणाला नाही, ते त्यावरून ठरतं."

"निकाल धरत नाहीत? मग तासभर भांडताय कशासाठी?"

नीलिमाने चहाचा कप खाली ठेवला. "काकू, भांडायचं ते तालमीतच! प्रयोग सुरू झाल्यावर कोण भांडतं?"

हे मला पटले. साधनेच्या काळातच माणूस अधिक कुरकुरतो.

* * *

एका शनिवारी सामन्याच्या ऐन रंगात आरतीची वेळ झाली. तिघेही उठून आले. तेवढी मर्यादा त्यांना होती. टाळ्याही तालात वाजवल्या. मंत्रपुष्पांजली संपली, मी डोळे मिटले आणि त्या पवित्र शांततेत नीलिमाची कुजबूज स्पष्ट ऐकू आली, "काही नाही, त्याला खाली पाठवा!"

मी डोळे न उघडता विचारले, "कोणाला? देवाला?"

"नाही काकू! तिसऱ्या बेसवरच्या पोराला! अजून एक वर्ष खालच्या संघात शिकू दे!"

नात ईरा हात जोडून उभी होती. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी, गॉड ऑल्सो कॅनॉट कॉन्सन्ट्रेट, ला!"

* * *

या खेळातला एक शब्द मात्र मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हातातली वात तशीच राहिली. सॅक्रिफाइस! आपला सोबती पुढच्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पुढच्या टप्प्यावर, पोहोचावा म्हणून बॅटर मुद्दाम चेंडू हलकेच जमिनीवर ठेवतो आणि स्वतः बाद होतो. शिवाय त्याची ती खेळी सरासरीत धरतच नाहीत.

"पाहा," मी म्हणाले, "स्वतः मागे राहून दुसऱ्याला पुढे नेलं आणि त्याची कुठे नोंदसुद्धा नाही. निष्काम कर्म याहून निराळं काय असतं?"

स्वयंपाकघरातून माझ्या लेकीचा, शिल्पाचा, आवाज आला, "म्हणजे माझी पुण्यातली नोकरी सरासरीत धरलेली नाही म्हणायची!"

त्या दुपारची भांडी जावईबापूंनी घासली. तो सॅक्रिफाइस मानावा की नाही, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.

* * *

आता बुवांविषयी सांगते.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी संघाच्या सरावाला एक वयस्क पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आला होता. चाळिशीकडे झुकलेला, छातीपर्यंत दाढी, खांदा दोनदा दुखावलेला. दाढीमुळे आमच्या घरात त्याचे नाव 'बुवा' पडले. त्याच जागेसाठी त्याच्यासमोर विशीतला एक मुलगा होता. त्याचा चेंडू हातातून सुटलेला कळे, पोहोचलेला कळे. मधला प्रवास काही दिसत नसे. अशा मुलाला 'प्रॉस्पेक्ट' म्हणतात, म्हणजे आपला होतकरू. अनिरुद्ध आणि नीलिमा होतकरूच्या बाजूचे. प्रसाद एकटा बुवांच्या बाजूचा.

"प्रसाद, डोळे उघड," नीलिमा म्हणे. "बुवांचा चेंडू आता पोस्टाने येतो!"

"येऊ दे," प्रसाद म्हणे, "पण पत्ता कधी चुकत नाही!"

मी विचारले, "बुवा संघात आहेत की नाहीत?"

अनिरुद्ध म्हणाला, "तसं सांगता येत नाही, आई. त्यांना 'नॉन-रोस्टर इन्व्हायटी' म्हणतात. सरावाला बोलावलंय. पण रोस्टरवर, म्हणजे पंचवीस जणांच्या संघात, जागा मिळेलच असं नाही."

"म्हणजे पंक्तीचं आमंत्रण आहे, पण पान मांडलेलं नाही."

"अगदी तेच!" नीलिमा उसळून म्हणाली. तेव्हापासून त्यांच्या व्हॉट्सॲपवर रोस्टर हा शब्दच मागे पडला. कामाच्या गडबडीत असतानाही निरोप यायचे, 'कॅचरचं पान लागलं!', 'डावऱ्याचं पान उचललं!' अनिरुद्धच्या बँकेतील एका मराठी सहकाऱ्याने ते चुकून वाचले आणि कोणाच्या घरी कार्य आहे, म्हणून चौकशी केली.

* * *

एकदा मी विचारले, "ज्याचं पान लागत नाही, तो जातो कुठे?"

"खालच्या संघात," नीलिमा म्हणाली.

"तिथेही नकोसा झाला तर?"

"मग घरी."

"आमच्या भजनात बेसूर माणसाला घरी पाठवत नाहीत," मी म्हणाले. "त्याच्या हाती टाळ देतात आणि मागच्या रांगेत उभं करतात. ताल तरी धरतो बिचारा."

प्रसाद हसून म्हणाला, "काकू, तुम्ही कंपनी काढा. पहिला अर्ज माझा!"

सगळे हसले. मीही हसले. पण तो वाक्य संपवून लगेच टीव्हीकडे वळला नाही, हे माझ्या लक्षात राहिले.

* * *

त्याचे कारण पुढच्याच शनिवारी कळले. त्या दिवशी बुवांना पहिल्याच डावात चांगला मार बसला. नीलिमा तावातावाने म्हणाली, "माणसाने वेळेवर बाजूला व्हावं! लोकांनी 'जा' म्हणायची वाट का बघायची? काढणाऱ्याचाही जीव कासावीस होत असेल की!"

प्रसाद उठून बाल्कनीत गेला. अनिरुद्धने नीलिमाला डोळ्यांनी खुणावले, पण बोलणे झालेले होते. मी देवापुढची साखरफुटाण्यांची वाटी घेऊन त्याच्यामागे गेले.

"काकू, आमच्याही ऑफिसात पानं लागतायत," तो म्हणाला. "माझा एम्प्लॉयमेंट पास, इथे राहून काम करायचा परवाना, या महिनाअखेरीला संपतो. नवा पास काढायचा तर कंपनीने कागद करायला हवेत. काहींचे केलेत. माझे अजून नाहीत. गौरीला माहीत आहे. रेवाला नाही, तिची शाळा, मैत्रिणी, सगळं इथलं."

मी त्याच्या हातात ती वाटी दिली.

तो म्हणाला, "तुम्ही देवाशी रोज बोलता. माझ्यासाठी एकदा सांगाल?"

"सांगेन रे. पण काय सांगू? इथेच राहू दे म्हणून सांगू, की नेशील तिथे बरोबर राहा म्हणून?"

त्याने एक फुटाणा तोंडात टाकला. "आधी पहिलं सांगा, काकू. दुसरं मग बघू!"

मला हसू आले. आयुष्यभर या दुसऱ्या मागणीचेच अभंग म्हणत आले. पण जेव्हा जेव्हा स्वतःवर वेळ आली, तेव्हा मीही आधी पहिलेच मागितले आहे. त्या दिवशी देवापुढे बसून मी त्याचे पहिले मागणे त्याच्याच शब्दांत सांगितले. दुसरे राखून ठेवले.

आम्ही बाल्कनीतून आत आल्यावर नीलिमा त्याला म्हणाली, "प्रसाद, मी बुवांबद्दल बोलत होते रे."

"मीही बुवांबद्दलच गप्प होतो," प्रसाद म्हणाला.

* * *

ज्याला वगळायचे त्याला निरोप कसा देतात, हेही मला अनिरुद्धकडून कळले. सकाळी खेळाडू कपडे बदलायला येतात, तेव्हा दारापाशी एक माणूस उभा असतो. तो हळूच खांद्यावर हात ठेवून म्हणतो, 'साहेबांनी बोलावलंय.' एवढेच. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात त्या माणसाला पाहिले की धट्टीकट्टी माणसे मागच्या दाराने पळतात म्हणे!

"आमच्याकडे हे काम मिस लिम करते," प्रसाद म्हणाला. "फार सज्जन बाई. पण ती चहा-कॉफीच्या पँट्रीकडे निघाली की अख्खी पँट्री रिकामी. मी परवा दोन मजले खाली जाऊन कॉफी घेतली. लिफ्टचं दार उघडलं तर आत मिस लिम! मला म्हणाली, 'प्रसाद, तूही इथेच येतोस? वर मला बघून सगळे पळतात, म्हणून मीसुद्धा हल्ली इकडेच येते.'"

"मग?" नीलिमाने विचारले.

"मग काय! तिची कॉफी मी आणली. बाई एकटी पडली होती."

* * *

मार्चअखेरीस बुवांचे पान उचलले गेले. त्याच आठवड्यात मिस लिम प्रसादच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. कागद होणार नव्हते. सगळे सौजन्याने झाले. साहेबांनी हात हातात घेऊन वाईट वाटल्याचे सांगितले आणि शेवटच्या दिवसापर्यंत सगळे काम वेईला शिकवून जा, अशी विनंती केली. वेई म्हणजे प्रसादच्याच हाताखाली तयार झालेला इथलाच मुलगा, नुकताच कॉलेजातून आलेला. प्रसादची जागा आता त्याची होती.

"शिकवलंस?" अनिरुद्धने विचारले.

"येत होतं तेवढं सगळं," प्रसाद म्हणाला.

त्याचा शेवटचा दिवस शुक्रवारी झाला. दुसऱ्या दिवशी शनिवार. तिकडे खऱ्या मोसमाला सुरुवात झाली होती आणि आता प्रत्येक निकाल धरला जाणार होता. प्रसाद येणार नाही, असे आम्ही सगळ्यांनी मनाशी धरले होते. तो आला. गौरी आणि रेवा घरी सामान बांधत होत्या. 'तू जाऊन ये, नाहीतर खोक्यांशी भांडत बसशील,' असे म्हणून गौरीनेच त्याला पाठवले होते. नीलिमाने त्या दिवशी सोफ्यावरची मधली जागा त्याच्यासाठी सोडली.

सामन्याच्या अखेरीस होतकरू मैदानात आला. त्याचा पहिलाच खरा सामना. आणि त्याला काही सुधरेना! चेंडू इकडे जाई, तिकडे जाई. बघता बघता तिन्ही बेस विरोधकांनी भरले, म्हणजे पुढची चूक थेट धाव देणार. कॅमेरा जवळ गेला तेव्हा त्याच्या ओठावरचा घाम दिसला. मिसरूडही धड फुटलेले नव्हते. अनिरुद्ध उठून खिडकीशी गेला. नीलिमाने तोंडावर उशी धरली.

तेवढ्यात प्रसादचा फोन वाजला.

"वेई आहे," तो म्हणाला.

"उचलू नकोस," अनिरुद्ध खिडकीशी उभ्याउभ्याच म्हणाला. "काल सुटलास तू. आता त्यांचं ते बघतील."

प्रसादने फोन उचलला आणि आवाज सर्वांना ऐकू जाईल असा समोर टीपॉयवर ठेवला. दोन्ही हात त्याने गुडघ्यांवर घट्ट धरलेले होते. पलीकडून रडकुंडीला आलेला आवाज आला, "प्रसाद, सिस्टीम हँग ऑलरेडी! एव्हरीवन वेटिंग! हाऊ? हाऊ?"

टीव्हीवर होतकरूने टोपी काढून घाम पुसला. प्रसादची नजर पडद्यावरून हलली नाही. तो थोडा पुढे झुकला आणि शुद्ध मराठीत, अगदी हळू आवाजात म्हणाला,

"घाई करू नकोस, बाळा. आधी एक मोठा श्वास घे. बाकीच्यांकडे बघू नकोस. सावकाश, एकेक. मी आहे."

मग टीपॉयवरून एक दीर्घ श्वास ऐकू आला आणि त्यापाठोपाठ वेईचा होकार,

"ओके. कॅन, कॅन!"