पऱ्हाट्यांवरचा बंब

ये वं पोरी, अशी जवळ बस. घरात माणसं दोन, अन् एवढा मोठा गिझर काऊन घेऊन राह्यली तू? मामीले एकदा विचारायचं तरी. तुझ्या जन्माच्या वेळी आम्ही वडनेरच्या घरी पाणी तापवायचा बंब आणला, ते तुले सांगते.

तुझी माय बाळंतपणाले माहेरी आली होती. पौषातली थंडी. मायलेकीले सव्वा महिना रोज कढत पाणी पाह्यजे, अन् परसात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग निम्माच उरलेला. वावरात कापूस वेचणं चालूच होतं. कपाशी उपटल्याशिवाय नवं जळण येणार नव्हतं. चुलीवरच्या हंड्याखाली एका आंघोळीले अख्खा भारा जाई. ढीग संपला असता तर बाळंतिणीच्या अंगावर गार पाणी घालायची पाळी होती.

म्हणून तुझा मामा अन् मी नांदुऱ्याच्या बाजारात गेलो. मामाले सगळ्यात मोठा, चकचकीत बंब आवडला. म्हाताऱ्या तांबटानं आधी विचारलं, न्हाणारे किती, अन् जाळता काय. पऱ्हाट्या म्हटल्यावर त्यानं एक लहान बंब पुढं केला. त्याच्या पोटातलं विस्तवाचं नळकांडं अरुंद होतं. रुंद नळकांड्यात पऱ्हाटी भुर्रकन जळून जाते, म्हणे. मी लहानच घेतला. जावई पाहून काय म्हणतील, असं मामा गाडीत बोलला.

चार दिवस बरे गेले. पण तुझ्या आजीले शिळं पाणी चालत नसे. संध्याकाळी घागरी पालथ्या घालायची, तसा एक दिवस तिनं बंबही रिकामा केला. सकाळी चुलीच्या सवयीनं आधी विस्तव टाकला, मंग पाणी आणायले गेली. तोवर सांधे जोडणारी कथलाची झाळ वितळली. पाणी ओतलं ते सगळं बुडातून गेलं.

तांबटानं पुन्हा झाळून दिला. आजीले म्हणाला, "आधी पाणी, मंग विस्तव. अन् रिकामा कधीच करू नका, माय. रातचं कोमट पाणी आत राह्यलं तर जळण निम्मं लागते."

"शिळ्या पाण्यानं लेकीले न्हाऊ घालू?"

दोन दिवस ती अडून बसली, अन् ढीग खाली जात राह्यला. मंग मी तोड काढली. बंबात वरून ताजं पाणी ओतलं की जुनं कोमट पाणी तोटीतून बाहेर पडे. त्यानं मामानं आंघोळ करायची, त्याच्यासाठी वेगळं जळण नको. मागून ताजं तापेल, ते बाळंतिणीले.

आजीनं घागर उचलली. "हाव," म्हणाली, "त्याले चालते."

सव्वा महिन्याच्या न्हाणाले परसात दोन भारे उरले होते. एक मी त्या दिवशी जास्तीचा जाळला. तुझी माय दगडावर बसली, मी ओतत राह्यली, अन् पुरे काही ती म्हणेना. आता तिचे गुडघे धरतात म्हणे. तिले घेऊन ये लवकर. पाणी मी तापवून ठेवते.