संत्र्याचं नाव

आमच्या ह्यांना माणसं जोडायचा नाद आहे. विमानतळावर, दवाखान्यात, अगदी बुर्गरआम्टच्या, म्हणजे इथल्या नगर कचेरीच्या, रांगेतसुद्धा मराठी कानावर पडलं की हे मान वळवणार आणि विचारणार, "मूळचे कुठले?" समोरचा सांगली म्हणाला की ह्यांच्याकडे सांगलीचं कोणीतरी तयारच. जर्मनीतल्या ह्या वोल्फ्सबुर्गमधली कितीतरी मराठी घरं ह्यांच्यामुळे एकमेकांकडे जेवायला जातात. मी चिडायचे, "अहो, लोकांनी विचारलंय का तुम्हाला?" पण खरं सांगायचं तर खोड मलाही होती. उलथनं, कालथा, सराटा, एकाच वस्तूला कोण काय म्हणतं एवढ्यावरून मी माणसाचा जिल्हा सांगते आणि सहसा चुकत नाही.

ह्यांच्या आधी मी निवृत्त झाले, आणि डोकं चालू राहावं म्हणून स्पॅनिशच्या वर्गाला जायला लागले. तिथेही मला व्याकरणापेक्षा हेच जास्त भावलं. शीतपेयात घालायची साधी नळी, पण स्पेनमध्ये ती पाहिता, मेक्सिकोत पोपोते, कोलंबियात पितियो. देश बदलला की नळीचं नाव बदलतं. मला वाटलं, ही तर आपलीच माणसं.

खालच्या मजल्यावर एक स्पॅनिश बोलणारी बाई राहायची, सात वर्षांच्या मुलीला घेऊन. माद्रिदची आहे असं तिने सांगितलं होतं. वृद्धाश्रमात कामाला होती आणि शनिवारी तिची ड्युटी असली की मुलगी आमच्याकडे. मुलगी माझ्याशी जर्मनमध्ये बोलायची, पण हाक मात्र 'मावशी' अशी मारायची. थालीपीठ तिला फार आवडायचं, तेही कडेचं कुरकुरीत तेवढंच.

एकदा आमच्या जेवणाच्या टेबलावर संत्रं बघून ती म्हणाली, "चिना!" ह्यांनी कौतुकाने तो शब्द दोनदा म्हणून घेतला. माझ्या पुस्तकात संत्रं म्हणजे नारांहा, आपल्या नारिंगाची बहीण शोभेल असं. मी वर्गात विचारलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, स्पेनमध्ये असं कोणी म्हणत नाही, ही पलीकडच्या कॅरिबियन बेटांवरची बोली.

मी खुशीतच खाली गेले आणि मुलीच्या आईला म्हटलं, "तू माद्रिदची नाहीसच मुळी. तू बेटावरची!" ती कांदा चिरत होती. तिने सुरी ठेवली, जाऊन खिडकी लावली आणि मग विचारलं, "कोणी सांगितलं?"

त्या दिवशी मला कळलं. मुलीच्या बापाने तिला मरेस्तोवर मारलं होतं, आणि ती नाव बदलून पळाली होती. नाव बदललं, केस कापले, देश बदलला. पण तो आणि त्याचे भाऊ आता नावाने शोधत नव्हते. गावोगावच्या ओळखीच्या लोकांना ते एवढंच विचारत, आपल्यासारखं बोलणारी, लहान मुलगी घेऊन एकटी राहणारी बाई कुठे दिसली का? म्हणून ती घरातसुद्धा माद्रिदचं बोलायची. जेवताना मुलगी बसगाडीला 'ग्वाग्वा' म्हणाली की ताट बाजूला सरायचं, आणि 'आउतोबूस' म्हटल्यावरच परत पुढे यायचं. मला ते ऐकवेना. लेकराच्या तोंडातून आईचाच शब्द काढून घ्यायचा, ह्याहून वाईट काय असतं?

तिने मला शपथ घातली, नवऱ्यालाही सांगू नकोस. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तिलाही ठाऊक झालं होतं. मी नाही सांगितलं. पण तेव्हापासून जिन्यात अनोळखी पाऊल वाजलं की माझा हात थांबायचा.

नोव्हेंबरातला शनिवार होता, दुपारीच दिवे लावावे लागले होते. मुलगी टेबलाशी बसून चित्र काढत होती. दार उघडलं आणि हे आरोळी ठोकतच आत आले, "अगं, कोण आलंय बघ! आपल्या खालच्या बाईंचे गाववाले!"

मागे एक उंच माणूस होता, अदबशीर, डाव्या भुवईत कापल्याची जुनी खूण. ह्यांच्या ऑफिसात काही आठवड्यांसाठी आलेला. आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्याने संत्रं सोलताना 'चिना' म्हटलं आणि ह्यांचा आनंद गगनात मावेना. म्हटलं चहालाच घेऊन येतो. आपल्याकडे असंच करतात, गाववाला भेटला तर त्याला घरी आणतात.

 मी मराठीत म्हटलं, "अहो, बाईंबद्दल एक अक्षर बोलू नका." हे हसले. "अगं, सगळं सांगून झालंय. त्यांनीच विचारलं, एकट्याच राहतात का म्हणून."

माणसाने चहा घेतला नाही. तो मुलीसमोर गुडघ्यावर बसला. चित्राचं कौतुक केलं. मग आमच्या टोपलीतलं एक संत्रं उचलून तिच्यापुढे धरलं आणि अगदी गोड आवाजात स्पॅनिशमध्ये विचारलं, ह्याला काय म्हणतात, बाळा?

मला ओरडावंसं वाटलं. पण ओरडले असते तर तेच उत्तर झालं असतं. मी ओट्याला धरून उभी राहिले.

मुलीने संत्र्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मग रंगीत पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "नारांहा."

"आणि शाळेत कशाने जातेस?"

"आउतोबूस." आणि परत चित्र रंगवायला लागली.

त्याने संत्रं परत टोपलीत ठेवलं. मग उठला, ह्यांना म्हणाला, तुमचा गैरसमज झाला, ही तर अस्सल स्पेनची आहे. हस्तांदोलन केलं आणि गेला. हे त्याला खालपर्यंत सोडायला गेले. मी दाराला आतून कडी घातली.

मुलीने मान वर केली नाही. हळूच जर्मनमध्ये विचारलं, "मावशी, मी बरोबर म्हटलं ना?"

मी तिला उचलून घेतलं. 

संध्याकाळी तिची आई आली. भुवईवरची खूण ऐकली आणि जिन्यातच खाली बसली. तो मुलीच्या बापाचा थोरला भाऊ होता, मुलीला त्याने तान्ही असतानाच काय ते पाहिलेलं. मी म्हटलं, पण त्याला पटलं, तो निघून गेला. ती म्हणाली, त्याला पटलं असतं तर त्याने दुसरा प्रश्न विचारला नसता. ह्यांना मी तेव्हा सगळं सांगितलं. ते रडले. त्यांना असं रडताना मी सासूबाई गेल्या तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच.

उजाडायच्या आत गाडी भरून झाली होती. ह्यांनी थालीपिठाची भाजणी आणि संत्र्यांची पिशवी मागच्या सीटवर ठेवली. सगळ्या जगाला कुठले म्हणून विचारणारा माणूस, पण कुठे चाललात हे त्यांनी विचारलं नाही. तसंही निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारू नये असं आपल्यात म्हणतातच.

मुलीने काच खाली केली. मी तिला कधीतरी शिकवलं होतं, निघताना 'जाते' म्हणायचं नाही. तिने आईकडे पाहिलं, हा शब्द चालेल का म्हणून. आईने मान हलवली.

"येते, मावशी," ती म्हणाली.

"ये हं," आम्ही दोघंही म्हणालो, आणि ती कधीच येऊ नये म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले.