भादव्यात पळणारं कुत्रं

सोनारीत कुत्र्याला कुणी हाड म्हणत नाही. ते काळभैरवाचं वाहन, त्यामुळे देवळाच्या पायरीवर त्याला माणसाआधी जागा मिळते. बदली होऊन आलेल्या माझ्यासारख्या शाळामास्तराला हे जरा जास्त वाटायचं. आमच्या घरातलं वाहन तांबडं होतं, एका कानानं वाकडं, आणि सगळंच्या सगळं बायकोचं. तिनं त्याला पिल्लू असल्यापासून दूधभाकरीवर वाढवलेलं. माझ्याकडे ते भाडेकरूकडे बघावं तसं बघायचं.

सत्तेचाळीसच्या आषाढात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. माहेर बार्शीकडे, म्हणजे निजामाच्या हद्दीपल्याड. मधे अडीच कोसांवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. तिथवर गाडीमागं मी चालत गेलो, कुत्रंही आलं. नाक्यावरच्या शिपायानं तिचं बोचकं उचकलं, कुंकवाचा करंडा उघडून हुंगला आणि सल्तनतीला धोका नाही अशी खात्री करून गाडी सोडली.

"ह्याला सांभाळा," ती गाडीतून म्हणाली. "मी येईस्तोवर कुठं जाऊ देऊ नका."

मी स्वतःला कसं सांभाळावं, याबद्दल सूचना नव्हती.

भादवा लागला आणि कुत्रं पळू लागलं. दोन-दोन दिवस गायब. परत यायचं ते अंगभर चावे घेऊन. तिसऱ्या खेपेला मानेला एवढी जखम होती की मूठभर हळद भरावी लागली. चौथ्या खेपेला ते परत येईल, याचा भरवसा नव्हता. मग तिला काय तोंड दाखवणार?

शेजारचे दुकानदार आप्पा म्हणाले, "मास्तर, भादवा हाय. कुत्र्यांचा म्हैनाच ह्यो. सलोतऱ्याकडं न्या. बैलाला करत्यात तसं खच्ची करून टाका, बसंल घर धरून."

आतून त्यांच्या कारभारणीचा आवाज आला, "अवं, भैरवनाथाचं वाहन हाय ते! देवाच्या वाहनाला कुणी खच्ची करतं व्हय?"

"देवाचं वाहन कुत्रीमागं बोंबलत हिंडत न्हाय."

"तुमी गेलता जणू बघायला!"

सलोतरी म्हणजे सरकारी जनावरांचे डॉक्टर. त्या आठवड्यात त्यांची राहुटी गावाबाहेर पडली होती. रुमी टोपी, पुढ्यात टेबल, टेबलावर लाल कापड, दोन्ही बाजूंना पितळी बिल्ले लावलेले दोन शिपाई. रांगेत गोऱ्हे उभे होते. एवढ्या इतमामात पौरुष गमावण्याचा मान माणसांच्याही वाट्याला क्वचित येतो. मी कुत्र्याचं नाव काढताच त्यांनी रजिस्टर चाळलं. त्यात बैल होता, घोडा होता, रेडा होता.

"कुत्ता नहीं है," ते म्हणाले. बराच विचार करून त्यांनी मला घोड्याच्या रकान्यात लिहिलं. "मालिक कौन?"

"बायको."

"कहाँ है?"

"माहेरी. हद्दीपल्याड."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "तो दस्तखत तुम करोगे. सोच लो, मास्टर. कटा हुआ वापस नहीं जुडता. कल सुबह लाओ."

त्या सगळ्या इतमामात एवढं एक वाक्य शहाणपणाचं होतं, ते मी पुढं आयुष्यभर वापरलं.

सकाळी मी दोर घेतला. दोर बघून कुत्रं निसटलं आणि मी मागं निघालो. गावातल्या कुत्र्यांकडे त्यानं मान वळवली नाही. वाटेत मळ्यातल्या दोन कुत्र्या आडव्या आल्या, त्यांनाही ओलांडून ते एका चालीनं जात राहिलं. अडीच कोस गेल्यावर ते थांबलं. नाक्यावर, लिंबाखाली, तिची गाडी उभी होती नेमक्या त्या जागी बसलं.

"तुमचं व्हय हे?" शिपाई म्हणाला. "लई हट्टी. नाक्याची कुत्री फाडून काढत्यात, तरी हालत न्हाय. बार्शीकडनं गाडी आली की उठतंय, आत डोकावतंय, पुन्हा बसतंय."

भादव्यात कुत्रं घराबाहेर पडलं की ते कशासाठी, हे आमच्या साऱ्या गावाला पाठ होतं. चार बुकं वाचलेला मीही त्यातच.

दोर मी कमरेला गुंडाळला. त्याला तुमच्या बाजेखाली बसू द्या, असं शिपायाला विनवलं आणि एकटाच परतलो. राहुटी अजून उभी होती, मी लांबच्या वाटेनं गावात शिरलो.

मुलगा झाल्याचं पत्र आलं. खाली लिहिलं होतं, "कुत्रं कसं आहे?" मी लिहिलं, "ठीक. येऊनजाऊन असतं." मी रजेचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. मग दिवस वाईट आले, हद्द ओलांडणं अवघड झालं, आणि मी दुसरा अर्ज केला नाही. कुत्र्याला अर्ज लागत नव्हता. ते मार्गशीर्षात नाक्यावर गेलं, चैत्रातही गेलं. आप्पांनी भादव्याचं नाव काढणं सोडून दिलं.

पुढच्या भादव्यात निजामाचं राज्य गेलं, नाके ओस पडले आणि तिचा निरोप आला. मी सकाळपासून धुतलेला कोट घालून दारात उभा होतो. दुपारी गाडी आली. गाडीत तिच्या मांडीवर कुत्र्याचं डोकं होतं, आणि वर्षाच्या आतल्या माझ्या मुलानं, ज्याला मी पहिल्यांदाच बघत होतो, त्याचा वाकडा कान मुठीत धरला होता.

"हा नाक्यावर बसला होता," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली.

"मला रजा नव्हती," मी म्हणालो.

रजा द्यायला सरकारच उरलं नव्हतं, हे तिला बार्शीत कळलं होतं. तरी खाली उतरून तिनं मुलाला माझ्या हातात दिलं.

आता तीही नाही. ती गेली त्या वाटेवर नाका कुठं आहे, हे कुणी सांगितलं असतं, तर या खेपेला मी जाऊन बसलो असतो.