बारवेतले केस

मार्च महिना, सकाळचे साडेसहा. सेनगाव तालुक्यातल्या एका गावाबाहेरची जुनी बारव. खालच्या पायरीवर मी, वर शेळ्या घेऊन उभी राहिलेली सखूबाई. तिसरं कोणी नाही.

बातमीदारीत मी भल्याभल्यांना उघडं पाडलंय. पण त्या सकाळी मी स्वतः जी माती खाल्ली, तिची चव अजून जिभेवर आहे. ऐका, आणि हसायचं असेल तर हसून घ्या.

भिंतीतल्या फटीतून झरा येतो ना, त्याच फटीतून केस लोंबत होते. हातभर लांब, काळेभोर. वारा नाही, आवाज नाही, आणि केस सावकाश डावीकडून उजवीकडे हलत होते. भिंतीआड कोणी मान वळवावी, तसे!

"सायेब, हात नका लावू," सखूबाई वरून ओरडली. "ती केस धुऊन राहिली."

"ती कोण?"

"मला काय ठावं? म्या काय तिचं नाव पुसलं व्हय?"

मी कॉलेज शिकलेला. भुतावर कसा विश्वास ठेवणार? म्हणून मी सरळ खून झाला असं ठरवलं! शिक्षणाचा एवढा तरी उपयोग नको?

एक बट ओढली. गार, बुळबुळीत. पुरावा म्हणून आमच्याच जुन्या अंकात गुंडाळली आणि ऑफिसच्या खणात ठेवली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर: 'बारवेत महिलेचे केस, पोलीस झोपेत!' गावाचं नाव तेवढं राखून ठेवलं.

दुपारी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या वाघमारे मॅडम ऑफिसात हजर.

"ती बारव मला माहिती आहे. ते केस नाहीत हो, लाल शेवाळ आहे! याची बहुतेक भावकी समुद्रात असते. गोड्या पाण्यात फार थोडी."

"लाल? मी या डोळ्यांनी पाहिलंय मॅडम, काळं होतं!"

"नुसत्या रंगावरून जात ठरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची ठेवण बघावी लागते. कधी ठेवणही फसवते, मग जनुकं तपासायची. महिनाभरात पुण्याचे संशोधक ताजा नमुना न्यायला येताहेत. सहा वर्षं हिंडल्यावर सापडलंय मला. हात जोडते, तोवर जागा छापू नका."

हात जोडणारा माणूस काहीतरी लपवतो, हा माझा धंद्यातला नियम. लगेच दुसरी बातमी ठोकली, गावाच्या नावासकट: 'काळ्या केसांना प्राध्यापिका म्हणतात लाल शेवाळ! कोणाला वाचवताय?'

चौथ्या दिवशी मॅडमचा फोन. आवाज अगदी शांत. "बारवेवर या."

बारव पांढरीफटक पडली होती. कोणीतरी विहिरीत टाकायच्या जंतुनाशक टीसीएल पावडरची पोती ओतली होती आणि फट खराट्यानं घासून काढली होती. झरा वाहत होता. केस नव्हते.

"कोण होतं गं?" मी सखूबाईला विचारलं.

"तोंडं बांधलेली व्हती. हातात तुमचा पेपर व्हता."

"तुमच्याकडची बट?" मॅडम म्हणाल्या.

मॅडमना घेऊन ऑफिसात आलो, खण उघडला, कागद उलगडला. काळ्याचा मागमूस नाही! वाळलेली बट गर्द तांबडी-जांभळी झालेली. रंग कागदात रक्तासारखा पाझरलेला, तोही नेमका माझ्या छापील नावावर.

"मेल्यावर रंग दाखवतं ते," मॅडम म्हणाल्या. "पटलं?"

त्यातले चार धागे पुण्याला गेले. उत्तर आलं: ठेवण ओळखीच्या जातीची, जनुकं मात्र कुठल्याच नोंदीशी जुळत नाहीत. बहुधा नवी जात. खात्रीसाठी ताजा नमुना पाठवा.

कुठून पाठवणार? मॅडम त्यानंतर दर मार्चला बारवेत उतरल्या. रिकाम्या हातानं वर आल्या.

पुढे माहितीचा अधिकार आला. मी काय सोडतो? ग्रामपंचायतीकडे अर्ज टाकला: पावडर कोणाच्या आदेशानं ओतली? उत्तर आलं: 'आदेश नाही. नोंद नाही. संदर्भ: आपली बातमी.' सोबत कात्रण, माझ्या नावाखाली लाल रेघ मारलेलं.

मी अपील केलं. ती पोती कोणी ओतली, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.