मननवहीतलं कोरं पान

दवाखान्यात तिला सगळे ‘थर्मामीटरबाई’ म्हणत. लसींचा फ्रीज तिच्या ताब्यात होता. दिवसातून दोनदा तापमान बघायचं, तक्त्यात लिहायचं, सही करायची. एक चौकोन रिकामा राहिला तर आतला सगळा साठा संशयात. आणि मागाहून अंदाजाने आकडा भरणं त्याहून वाईट. तसं करणाऱ्या एकाची नोकरी तिच्या डोळ्यांदेखत गेली होती. एकोणीस वर्षांत तिचा एकही चौकोन रिकामा राहिला नव्हता.

एकुलत्या एका मुलाने मोबाइल टॉवर दुरुस्त करायची नोकरी धरली, तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला. चर्चच्या पाळकबाई म्हणाल्या, “रोज बायबलमधला एक अध्याय वाचा आणि काय उमगलं ते लिहून ठेवा. आत काहीतरी वाढू लागेल बघा.” तिने वही आणली आणि सवयीने चौकोन आखले: तारीख, अध्याय, उमगलेलं, सही.

“सही कशाला हो?” पाळकबाईंना हसू आवरेना. “देव काय तपासणीला येणार आहे?”

“असू दे,” ती म्हणाली.

सकाळी सहाला वाचन, साडेसहाला मुलाला एका शब्दाचा मेसेज: ‘वाचलं’. तोही सुरुवातीला म्हणाला होता, “बरं बाई, तुझा मेसेज आल्याशिवाय पाय वर टाकणार नाही.” त्याने ते हसत म्हटलं. तिने मात्र ते धरून ठेवलं. चारशे बारा दिवस चुकले नाहीत.

काल चुकला. पहाटे पाचलाच वॉचमनचा फोन आला, फ्रीज बंद पडलाय. ती तशीच धावली. दिवसभर बर्फाच्या पेट्यांतून लसी दुसऱ्या दवाखान्यात हलवल्या, कागदपत्रं केली आणि संध्याकाळी घरी येऊन खुर्चीत बसली ती बसल्या बसल्या झोपली. आज सहाला वही उघडली तर कालचं पान कोरं. मेसेजही गेलेला नाही.

पेन उचललं आणि खाली ठेवलं. मागची तारीख घालून भरायचं? तक्त्यात जे आयुष्यात केलं नाही, ते देवाच्या वहीत करायचं? तिने मुलाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पाच वेळा झालं. काल रात्री त्याचा नेहमीचा फोनही आला नव्हता, हे तिला आत्ता आठवलं. ओट्यावर चहा उतू गेला, तिने नुसताच गॅस बंद केला.

सव्वासहाला त्याचा फोन आला. मागे वारा घोंघावत होता.

“काय गं आई, पाच मिस्ड कॉल? आग लागली का?”

“आहेस कुठे तू? काल माझा मेसेज नव्हता, तरी चढलास?”

“मी आत्ताही वरच आहे.”

“आत्ता? मी अजून वाचलंसुद्धा नाही!”

“आई, सात महिने झाले, ऊन तापायच्या आत काम उरकायचं म्हणून आम्ही साडेपाचलाच चढतो. तुझा मेसेज मला वरच मिळतो. रेंज चांगली असते इथे.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू साडेचारला उठून वाचत बसली असतीस.”

बसलीच असती.

“माझा सुरक्षेचा पट्टा मी दोनदा तपासतो आणि जोडीदार एकदा. तू वाचलंस म्हणून तो घट्ट होत नाही गं.”

“मग मी वाचते ते कशाला?”

“ते तुझ्या देवालाच विचार. मी साधा टॉवरवाला. ठेवतो, हात अडकलेत.”

ती टेबलाशी बसून राहिली. सात महिने. ती इकडे अंथरुणाची घडी घालत होती तेव्हा पोरगा आभाळात लटकत होता, आणि वहीत त्या दिवसाची अजून तारीखही पडलेली नसायची. हे कळून तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट पायाखाली काहीच नाही असं वाटलं.

तिने मागची पानं चाळली. ‘उमगलेलं’ या चौकोनात सुबक अक्षरात तेच तेच: देव थोर आहे, देव सांभाळतो. तिचं स्वतःचं एक वाक्य नव्हतं. त्या त्या दिवशी वाचलेल्यात काय होतं, हेही आठवेना.

कालचं पान तिने तसंच सोडलं आणि बायबलमधलं आजचं स्तोत्र उघडलं. त्यात कोणीतरी देवाशी भांडत होतं, रडत होतं, उत्तर मागत होतं. तिने ते दोनदा वाचलं. मग लिहिलं: ‘मला भीती वाटते. मी तुझ्यासाठी वाचत नव्हते, पोरगं पडू नये म्हणून वाचत होते. आता तेही माझ्या हातात नव्हतं असं कळलं. मग तू माझा कोण?’

अक्षर वाकडंतिकडं आलं, चौकोनाच्या बाहेर गेलं. साडेसहा झाले. अंगठा सवयीने फोनकडे गेला, तिने तो मागे घेतला आणि पुढची ओळ लिहायला घेतली.