पपईचा चीक आणि आईचे गुडघे

तलासरीजवळच्या एका पपईच्या वाडीत आई चीक काढायला जायची. झाडावरच्या हिरव्या फळांना पहाटे ब्लेडने बारीक चिरा पाडायच्या, गळणारा पांढरा चीक भांड्यात धरायचा आणि नंतर तो उन्हात वाळवून खरवडायचा. खरवडण्याचे काम दुपारभर उकिडवे बसून चाले. त्यात बायकांच्या बोटांची सालं निघत. आईचे गुडघेही धरू लागले.

वाडीची देखरेख एका गुजराती मेहताजींकडे होती. एकदा आईला झाडाला धरून उठताना त्यांनी पाहिले आणि ते सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "या चिकानं म्हातारं बोकड शिजतं, बेन. तुझे गुडघे काय मोठे? चोळ जरा, नाटकं पण निघून जातील."

बायका हसल्या. आईला मात्र तो उपाय वाटला. निबर मटणाला कच्ची पपई आमच्या पाड्यात सगळेच लावत. जो चीक मांस मऊ करतो, तो आखडलेला गुडघा का सोडवणार नाही? रोज तिने चीक चोळून वर फडके बांधले. कातडी भाजल्यासारखी सोलवटली, जखमा चिघळल्या, कामाला जाणे बंद झाले. मेहताजींनी तिला कामावरून काढले आणि ती कामचोर असल्याचे पाडाभर सांगितले. विवळवेढ्याच्या जत्रेलाही ती त्या वर्षी गेली नाही. लोक काय म्हणतील, हेच तिच्या मनात होते. मी तेव्हा डहाणूच्या शाळेत शिकत होतो. या माणसाला खाली बघायला लावायचे, एवढे मी ठरवून टाकले.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथे एका तासाला सर एन्झाइमांविषयी सांगत होते. पपईच्या चिकातले एन्झाइम सशाच्या शिरेत टोचले की त्याचे ताठ कान लुळे पडतात, कारण कानातल्या कूर्चेला, म्हणजे सांध्यांतही असणाऱ्या मऊ हाडाला, ताठ ठेवणारा पदार्थच तुटून जातो. माझ्या अंगावर काटा आला आणि मला आनंदही झाला. मेहताजींनी माझ्या आईचे गुडघे खाल्ले, याचा पुरावाच हाती लागला होता.

तास संपल्यावर मी सरांना सगळे सांगितले. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून शांतपणे समजावले. कातडीवर चोळलेला चीक सांध्यापर्यंत पोचत नाही, त्याने फक्त कातडी जाळली. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजवणारे एन्झाइम बहुधा कूर्चेतल्याच पेशी तयार करतात. बांधणे आणि तोडणे दोन्ही तिथेच चालते, आणि तोडणे वरचढ झाले की हाडावर हाड घासू लागते. हा तेव्हा संशय होता. तो खरा असल्याचे पुढे मी वाचले. कूर्चेत पाणी धरून ठेवणारा पदार्थ आधी तुटतो, मग तिचे चिवट धागे. रोजच्या उकिडव्या बसण्याचा भारही त्याला हातभार लावतो.

सरांनी माझा आरोपी निम्मा सोडवून नेला. पण पेशींवर सूड कसा उगवणार? मेहताजी मात्र वाडीतच होते.

पदवीचा निकाल लागल्यावर मी आईला बैलगाडीत घालून वाडीत नेले. बायका सावलीत भाकऱ्या खात बसल्या होत्या. मेहताजींकडे न बघता मी बायकांनाच सांगू लागलो, की आईच्या गुडघ्यातली गादी आतून तुटत होती, तिचे झाडाला धरून उठणे हे सोंग नव्हते. मेहताजी लगबगीने आले. आपण मस्करी केली होती म्हणाले आणि मला चहाला बोलावू लागले.

"मस्करीचे डाग अजून तिच्या गुडघ्यांवर आहेत," मी म्हणालो. "ती कामचोर नव्हती, हे इथेच सांगा."

त्यांनी ते सांगितले, पण गुजरातीत आणि पुटपुटत.

"मोठ्यानं," आई म्हणाली. "हसलेल्या बाया तिकडं बसल्यात."

मग त्यांनी मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. वर घाईघाईने म्हणाले, "उद्यापासून ये, बेन. चीक खरवडायला सावलीत बसवतो."

आई त्यांना कधी अरेतुरे करत नसे. त्या दिवशी म्हणाली, "माझे गुडघे गेले. आता तू बस."

मेहताजी जमिनीकडे बघत राहिले. मी आईला उचलून गाडीत बसवले. मला त्यांची कीव आली नाही, आजही येत नाही.